डिजिटल नकाशा बिनसतो, तिथे भूगोलाचा तास सुरू होतो

माध्यमिक वर्गांना डिजिटल नकाशे शिकवायचे म्हटलं की पहिला प्रश्न येतो, सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं? याचं उत्तर थोडक्यात देता येतं. वर्गात एकच प्रोजेक्टर असेल तर गूगल अर्थ आणि ओपनस्ट्रीटमॅप (लोकांनी मिळून घडवलेला खुला नकाशा) पुरतात. मुलांच्या हाती संगणक आणि बरं इंटरनेट असेल तर गूगल माय मॅप्स किंवा यूमॅप ही ब्राउझरमध्येच नकाशा बनवायची साधनं घ्या. वरच्या वर्गातल्या मुलांना माहितीपासून नकाशा स्वतः घडवायला लावायचा असेल तर क्यूजीआयएस, हे संगणकावर उतरवून घ्यायचं नकाशांचं सॉफ्टवेअर. ही सगळी साधनं फुकट वापरता येतात. एका तासाला एकच साधन उघडायचं, एवढं पथ्य पाळलं तरी बराच गोंधळ टळतो.

खरा प्रश्न पुढचा आहे. पडद्यावर गोल फिरवून दाखवला की मुलं खूश होतात, पण तेवढ्याने भूगोल समजतोच असं नाही. मुलं जेव्हा स्वतः माहिती भरतात, तेव्हा ठिपके समुद्रात पडतात, सगळा नकाशा एकाच रंगाचा होतो, अंतरं भलतीच येतात. शिक्षक घाईघाईने ते दुरुस्त करून पुढे जातात. माझं म्हणणं आहे की तिथेच थांबावं. यातली जवळजवळ प्रत्येक चूक पाठ्यपुस्तकातल्या कुठल्या ना कुठल्या पाठाशी जोडलेली असते: अक्षांश-रेखांश, नकाशाप्रमाण, प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायची रीत), वितरणाचे नकाशे. चूक का झाली हे मुलाला सांगता आलं, तर तो पाठ त्याला कळला असं खुशाल समजावं.

अक्षांश-रेखांशांपासून सुरुवात करू. स्प्रेडशीटमध्ये चार रकाने करायचे: ठिकाणाचं नाव, अक्षांश, रेखांश आणि एखादा आकडा, उदाहरणार्थ जुलैचा पाऊस. दहा शहरं मुलांनी नकाशासंग्रहातून शोधून भरायची. नकाशासंग्रहात अंश आणि मिनिटं असतात, सॉफ्टवेअरला दशांश अंश लागतात. ४० अंश ३० मिनिटं म्हणजे ४०.५, पण निम्मी मुलं ४०.३० लिहितात. फरक ०.२ अंशाचा. अक्षांशाचा एक अंश साधारण १११ किमी, म्हणजे शहर २२ किमी सरकलं. मिनिटांना ६० ने भागायचं हे या बावीस किलोमीटरमुळे लक्षात राहतं.

क्यूजीआयएसमध्ये ही फाइल ‘अ‍ॅड डिलिमिटेड टेक्स्ट लेअर’मधून आत घेताना एक्सच्या चौकटीत रेखांश आणि वायच्या चौकटीत अक्षांश निवडावा लागतो. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, त्यामुळे उलटापालट ठरलेली. या यादीत कैरो आणि टोकियो मुद्दाम ठेवावीत. कैरो साधारण ३०.० उत्तर, ३१.२ पूर्व. अदलाबदल केली की ठिपका ३१.२ उत्तर, ३०.० पूर्वेला, म्हणजे अलेक्झांड्रियापाशी जाऊन बसतो. इजिप्तमध्येच असल्यामुळे चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. टोकियोचं मात्र ३५.७ उत्तर, १३९.७ पूर्व, उलटं केलं की अक्षांश १३९.७ होतो आणि ठिपका जगाच्या नकाशाबाहेरच जातो. का? अक्षांश ९० च्या पुढे असूच शकत नाही, रेखांश १८० पर्यंत जातो. हे वाक्य मुलांकडून यायला हवं. ते आपण आधी सांगून टाकू नये.

रिओ दि जानेरो −२२.९, −४३.२ असं लिहायला हवं. उणे चिन्हं विसरली की रिओ सौदी अरेबियाच्या वाळवंटात उतरतं. अक्षांश-रेखांशांचे दोन्ही रकाने मोकळे राहिले आणि सॉफ्टवेअरने तिथे शून्य धरलं, तर ठिपका विषुववृत्त आणि मूळ रेखावृत्त जिथे छेदतात तिथे, गिनीच्या आखातात पडतो. नकाशाच्या कामात ही जागा इतकी ओळखीची आहे की तिला ‘नल आयलंड’ असं नावच पडलंय. तिथे बेट मात्र नाही.

मराठीत काम करताना आणखी दोन अडचणी येतात. फाइलीतले आकडे इंग्रजी अंकांतच हवेत. देवनागरी अंकांतला ४०.५ बहुतेक सॉफ्टवेअर मजकूर म्हणून वाचतं. आणि एक्सेलमधून साठवताना नुसतं ‘सीएसव्ही’ (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणारी साधी मजकूर फाइल) न निवडता ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा सगळ्या लिपी सांभाळणारा प्रकार निवडायचा, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते. फाइल एकदा तशी साठवली की नावं परत मिळत नाहीत, म्हणून मूळ स्प्रेडशीट वेगळी जपून ठेवावी. शेपफाइल हा नकाशाची माहिती साठवायचा जुना प्रकार मराठीसाठी टाळलेलाच बरा. त्यात रकान्याच्या नावाला फक्त १० बाइट मिळतात, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, त्यामुळे ‘लोकसंख्या’ हे शीर्षक मध्येच तुटतं. जिओपॅकेज या नव्या प्रकारात साठवलं तर हा त्रास होत नाही, आणि सगळं एकाच फाइलीत राहतं.

प्रमाण आणि प्रक्षेपण यांच्यासाठी इन्स्टॉल करण्यासारखं काही लागत नाही. ओपनस्ट्रीटमॅपच्या संकेतस्थळावर नकाशा उघडला की पत्त्याच्या शेवटी तिरप्या रेघांनी वेगळे केलेले तीन आकडे दिसतात: झूमची पातळी, अक्षांश, रेखांश. झूम ५, अक्षांश ०, रेखांश २० असं टाइप करा. खालच्या कोपऱ्यातली प्रमाणपट्टी प्रोजेक्टरच्या पडद्यावर फूटपट्टीने मोजा आणि पडद्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे किती किलोमीटर ते काढा. आता झूम तसाच ठेवून फक्त अक्षांश ६० करा आणि पुन्हा मोजा. पट्टीवरचा आकडा आणि पट्टीची लांबी दोन्ही बदलतात, म्हणून नुसता आकडा वाचून चालत नाही. भागाकार करावाच लागतो. उत्तर पहिल्याच्या निम्मं येतं. ६० अंशांचा कोसाइन ०.५ आहे, त्यामुळे या नकाशात वापरलेल्या मर्केटर प्रक्षेपणात त्या अक्षांशावर लांबी दुपटीने आणि क्षेत्रफळ चौपटीने फुगतं. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं का भासतं, याचं उत्तर इथे मुलांच्या हाती लागतं. प्रत्यक्षात आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे १४ पट आहे. हा प्रयोग गूगल मॅप्सवर करायचा असेल तर आधी गोलाचं दृश्य बंद करा, नाहीतर झूम कमी केल्यावर नकाशाचा गोल होतो आणि सगळं गणित विस्कटतं.

याच तासात अंकप्रमाणाचाही प्रश्न निकालात निघतो. १:५०,००० असं लिहिलेला नकाशा प्रोजेक्टरवर टाकला की ते प्रमाण खोटं ठरतं, रेषाप्रमाण (प्रमाणपट्टी) मात्र नकाशाबरोबर ताणलं जात असल्यामुळे खरंच राहतं. मुलांच्या छापील नकाशावर म्हणूनच रेषाप्रमाणाचा आग्रह धरावा.

क्यूजीआयएसमध्ये एककांची चूक जास्त खोलवर जाते. ‘नदीपासून ५ किमीचा पट्टा’ काढायला मुलं बफरचं साधन उघडतात आणि ५ लिहितात. थर (नकाशावर चढवलेला माहितीचा एक पदर) अक्षांश-रेखांशांत असेल तर ते ५ अंश धरले जातात, आणि सुमारे साडेपाचशे किलोमीटरचा पट्टा अर्धा देश गिळतो. साधनाच्या चौकटीत एकक ‘डिग्रीज’ दिसत असतं, पण तिकडे कुणी बघत नाही. उपाय असा की थर आधी त्या भागाच्या यूटीएम पट्ट्यात प्रक्षेपित करून घ्यायचा; यूटीएम म्हणजे जगाचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणारी प्रक्षेपणाची पद्धत. यूटीएमचे ६० पट्टे असतात, प्रत्येक ६ अंश रुंद, आणि ते १८० अंश पश्चिमेपासून मोजले जातात. रेखांशात १८० मिळवा, ६ ने भागा, अपूर्णांक सोडा आणि १ मिळवा: हा पट्ट्याचा क्रमांक. आठवीच्या मुलालाही हे हिशोबाने काढता येतं.

आता ज्या उपक्रमावर सगळ्यात जास्त वेळ खर्च करावा असं मला वाटतं, तो भूकंपांचा. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची, यूएसजीएसची, भूकंपसूची सर्वांना खुली आहे. शोधपानावर किमान तीव्रता ५, कालावधी एक पूर्ण वर्ष, क्षेत्र संपूर्ण जग असं निवडून उत्तर सीएसव्ही प्रकारात मागवायचं. बहुतेक वर्षी दीड हजारांच्या आसपास किंवा थोड्या जास्त नोंदी मिळतात. वेळ, अक्षांश, रेखांश, खोली आणि तीव्रता हे पहिले पाच रकाने ठेवून बाकीचे काढून टाका, कारण वीस-बावीस रकाने बघून मुलं बिचकतात. माय मॅप्समध्ये एका वेळी २००० ओळी आत घेता येतात. एखाद्या वर्षी जास्त असतील तर किमान तीव्रता थोडी वाढवावी.

भूपट्टांच्या (पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्यांच्या) सीमांचा तयार थर आधी दाखवू नये. नुसते ठिपके छापून द्या आणि पेन्सिलने ‘तुकडे’ पाडायला सांगा. सीमा मुलांच्या हातून उमटतात. तुलना नंतर करायची. मग ठिपक्यांना खोलीप्रमाणे तीन रंग द्या: ७० किमीपर्यंत उथळ, ७० ते ३०० मध्यम, ३०० च्या पुढे खोल. अटलांटिकच्या मध्यरांगेवर एकच रंग राहतो. जपान, टोंगा आणि दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तिन्ही रंग येतात, आणि तेही क्रमाने. हा क्रम का, या प्रश्नावर एक अख्खा तास द्यायला हरकत नाही.

पुढच्या तासाला जपानखालच्या जमिनीचा उभा छेद घ्या. अक्षांश ३८ ते ४२ उत्तर, रेखांश १३० ते १४६ पूर्व, दहा वर्षं, तीव्रता ४.५ पासून पुढे. खोल भूकंप कमी होतात, म्हणून एक वर्ष पुरत नाही. २०११ हे वर्ष वगळा: ११ मार्च २०११ च्या ९.१ तीव्रतेच्या भूकंपानंतरचे धक्के इतके आहेत की उथळ ठिपक्यांच्या गर्दीपुढे बाकीचं दिसेनासं होतं. स्प्रेडशीटमध्ये विखुरलेल्या ठिपक्यांचा आलेख काढायचा, आडव्या अक्षावर रेखांश, उभ्यावर खोली. खोली फाइलीत धन आकड्यात असते, त्यामुळे आलेख उलटा, हवेत चढणारा दिसतो. उभा अक्ष उलटा करून घ्या. मग दिसतं की पूर्वेला समुद्रातल्या खोल गर्तेजवळ ठिपके उथळ आहेत आणि पश्चिमेकडे जावं तसे खोल होत जातात. पॅसिफिक भूपट्ट जपानखाली सरकतोय, आणि मुलांनी त्याची बाजू स्वतः आखली आहे.

उताराचा कोन मात्र आलेखावरून डोळ्याने वाचू नये. आडवा अक्ष अंशांत आणि उभा किलोमीटरमध्ये असल्यामुळे उतार हवा तसा ताणला जातो. ४० अंश अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे ८५ किमी भरतो. रेखांशांतल्या फरकाला ८५ ने गुणून नवा रकाना करा, दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखं ठेवा आणि मग कोनमापक लावा. किनाऱ्याखालून पश्चिमेकडे उतरणाऱ्या भागात तो ३० अंशांच्या आसपास येतो. (गूगल अर्थमधल्या उंचीच्या छेदालाही हेच लागू आहे. तिथे उभा अक्ष आपोआप ताणला जातो, म्हणून साधी टेकडीही कड्यासारखी भासते. मुलांना किती पट ताणलंय ते काढून छेदाखाली लिहायला लावावं.)

या माहितीत दोन खोडी आहेत, आणि मला त्या फार मोलाच्या वाटतात. पहिली: असंख्य भूकंपांची खोली बरोब्बर १० किमी दिसते. निसर्गात असं होत नाही. जवळ पुरेशी भूकंपमापन केंद्रं नसली की खोली नीट ठरत नाही, मग १० किमी अशी ठरावीक खोली धरली जाते. जुन्या नोंदींत हाच आकडा ३३ असतो. आलेखात त्याची सरळ आडवी रेघ उमटते. ती रेघ पुसू नका, ती का आली ते विचारा. मोजलेला आकडा आणि धरून चाललेला आकडा यांतला फरक मुलांना इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच दिसेल. दुसरी खोड टोंगा-फिजीकडची: तिथले ठिपके नकाशाच्या डाव्या आणि उजव्या टोकाला फाटून पडतात, कारण १८० रेखावृत्त मधून जातं. एका बाजूला +१७९, लगेच पलीकडे −१७९. आलेखासाठी उणे रेखांशांत ३६० मिळवले की दोन्ही बाजू जुळतात. गूगल अर्थच्या गोलावर ही फूट दिसतच नाही, तेव्हा दोन्ही शेजारी शेजारी दाखवा.

क्षेत्रघनी नकाशाबद्दल (प्रदेश आकड्यानुसार फिक्या-गडद रंगांत भरलेला नकाशा) माझा एकच हट्ट आहे: वर्गांतरं, म्हणजे गटांच्या सीमा, सॉफ्टवेअरला ठरवू देऊ नका. जगाच्या देशांची लोकसंख्येची घनता घ्या आणि क्यूजीआयएसमध्ये सिम्बॉलॉजीत ‘ग्रॅज्युएटेड’ निवडून पाच समान अंतरांचे गट करा. मोनॅकोची घनता दर चौरस किमीला १८,००० हून जास्त, सिंगापूरची ८,००० च्या आसपास, मंगोलियाची साधारण २. त्यामुळे वरचे गट दोन-चार चिमुकल्या प्रदेशांसाठी खर्ची पडतात आणि उरलेलं सगळं जग तळाच्या फिक्या रंगात जातं. मोनॅकोचं क्षेत्रफळ सुमारे २ चौरस किमी, ते तर नकाशावर दिसतही नाही. आता प्रत्येक गटात सारखे देश येतील अशी पद्धत निवडा: नकाशा एकदम रंगीत होतो, पण सर्वांत गडद रंगात काही शे आणि काही हजार घनतेचे देश एकत्र कोंबले जातात. दोन्ही नकाशांची माहिती एकच आहे हे मुलांना पटायला वेळ लागतो. तेवढा वेळ द्यावा. शेवटी मुलांनीच १०, ५०, १००, २५०, ५०० अशा सुट्या आकड्यांवर गट पाडावेत आणि कारण लिहावं. आणि एकूण लोकसंख्या क्षेत्रघनी नकाशात कधीच रंगवू नये. मोठा देश नुसता मोठा असल्यामुळे गडद दिसतो.

मग इजिप्तकडे या. देशाची सरासरी घनता एका रंगात दाखवली तर नाईलचं खोरं आणि वाळवंट सारखंच दिसतं, जरी जवळजवळ सगळी वस्ती थोड्याशा जमिनीवर आहे. टिंब पद्धत (एक टिंब म्हणजे ठरावीक लोक) वापरावी तर सॉफ्टवेअर त्याहून घोळ घालतं: ‘बहुभुजात यादृच्छिक ठिपके’ हे साधन सीमेच्या आत कुठेही टिंबं टाकतं, आणि लाखो माणसं वाळवंटात राहायला जातात. वहीत टिंबं देताना मुलं उठाव आणि पाणी बघून देतात. ती समज संगणकाकडे नाही. ती हवी असेल तर लहान प्रशासकीय विभागांची आकडेवारी घ्यावी किंवा निर्जन भाग आधी कापून टाकावा.

आकडेवारीचा तक्ता सीमांच्या थराला जोडताना जुळणी नावावर करू नका. मागे राहिलेली एक मोकळी जागाही पुरते जुळणी हुकायला. मराठीत तर ‘ऱ्या’ दोन वेगळ्या प्रकारे टाइप होतो. डोळ्याला सारखा, संगणकाला वेगळा. सांकेतिक क्रमांकावर जोडा, आणि तो रकाना दोन्हीकडे मजकूर म्हणूनच ठेवा. एक्सेल ०७ चं ७ करून टाकतं, आणि मग अर्धे प्रदेश रिकामे दिसतात.

क्षेत्रभेटीसाठी क्यूफील्ड किंवा एपिकलेक्ट५ हे माहिती नोंदवायचं अ‍ॅप फोनवर आधीच उतरवून घ्यावं, क्यूफील्ड असेल तर नकाशाही ऑफलाइन साठवून न्यावा. बाहेर पडण्याआधी सगळ्यांना एकाच खुणेवर उभं करून स्थान नोंदवायला सांगा आणि ते ठिपके एकत्र मांडा. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतो. उंच भिंतीशेजारी संकेत परावर्तित होऊन येतात आणि ठिपके पसरतात. तेव्हा दशांशानंतर पाच अंक पुरेत, पाचवा अंक आधीच सुमारे एक मीटरचा आहे. इंटरनेट बंद असेल तर पहिलं स्थान मिळायला काही मिनिटं लागू शकतात, कारण उपग्रहांची माहिती आकाशातूनच उतरवून घ्यावी लागते. फोनच्या उंचीवर विसंबू नका: काही अ‍ॅप समुद्रसपाटीऐवजी पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची उंची दाखवतात, आणि जगात काही ठिकाणी या दोन्हींत १०० मीटरपर्यंत फरक पडतो.

संगणक कक्षातली तयारी कंटाळवाणी आहे, पण टाळता येत नाही. सगळ्या यंत्रांवर क्यूजीआयएसची एकच दीर्घकालीन आवृत्ती ठेवा. प्रकल्प आणि माहिती एकाच फोल्डरमध्ये हवी. मुलाने प्रकल्पाची फाइल तेवढी पेनड्राइव्हवर नेली की घरी सगळे थर हरवलेले दिसतात. प्रत्येक यंत्रावर माहितीची स्वतंत्र प्रत द्या, सामायिक फोल्डरमधली एकच जिओपॅकेज फाइल सगळ्यांनी उघडली की ती कुलूपबंद होते. जगाच्या नकाशासाठी नॅचरल अर्थ या मोफत नकाशासंचातला १:११ कोटी प्रमाणाचा थर हलका आणि पुरेसा आहे. त्यातल्या राजकीय सीमा तुमच्या देशाच्या अधिकृत नकाशाशी जुळतात का, हे भिंतीवर लावण्याआधी तपासा. ओपनस्ट्रीटमॅप वापरला असेल तर त्याच्या योगदानकर्त्यांचा उल्लेख नकाशावर हवाच. मुलांची घरं ठिपक्यांनी दाखवायचे उपक्रम सार्वजनिक दुव्यावर ठेवू नयेत. फोनच्या छायाचित्रांतही स्थान दडलेलं असतं.

गुण देताना नकाशाच्या देखणेपणाला कमी आणि त्याबरोबरच्या अर्ध्या पानाला जास्त द्या: माहिती कुठून आणि कुठल्या वर्षाची, प्रक्षेपण कोणतं आणि का, गटांच्या सीमा कशा ठरवल्या, या नकाशावरून काय म्हणता येणार नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्याला लिहिता आलं नाही, त्याला नकाशा परत देऊन आकडेवारीचा रकाना पुन्हा उघडायला सांगावा.